परराज्यातल्या कंपनीवर दावा कुठे लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनी गुरुग्रामची, माल उतरला सांगलीत आणि बिलाच्या तळाशी छापलेय ‘सर्व वाद बंगळुरू न्यायालयांच्या अधीन’. अशा वेळी तीन गावांपैकी कुठल्या कोर्टाची पायरी चढायची, हे दावा लिहायला घेण्याआधी ठरवावे लागते. ते चुकले की बाजू कितीही खरी असली तरी वर्ष-दोन वर्षे केवळ ‘हे कोर्ट की ते कोर्ट’ यातच जातात. खालची उत्तरे भारतात नोंदलेल्या, पण मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात असलेल्या कंपन्यांना धरून दिली आहेत. परदेशी कंपन्यांबद्दल शेवटाकडे एक प्रश्न आहे.

कंपनीचे मुख्य कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे. मला तिकडेच जावे लागेल का?

बहुतेक वेळा नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ राज्याची सीमा बघत नाही, कोर्टाची हद्द बघते. सोलापूरच्या कोर्टाला पुण्याची कंपनी जशी हद्दीबाहेरची, तशीच हैदराबादची. पैशाच्या आणि कराराच्या साध्या दाव्यांना कलम २० लागते. त्यात तीन वाटा आहेत. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावता येतो. प्रतिवादी अनेक असतील तर त्यांच्यापैकी एक जिथे आहे तिथेही लावता येतो, मात्र त्यासाठी कोर्टाची परवानगी किंवा बाकीच्यांची मूक संमती लागते. तिसरी वाट म्हणजे दाव्याचे कारण (ज्या घटनांवर तुमची मागणी उभी आहे त्या) पूर्णपणे किंवा अंशतः जिथे घडले ते ठिकाण.

सामान्य माणसाला आणि छोट्या व्यापाऱ्याला उपयोगी पडते ती ही तिसरी वाट. तिच्यातला ‘अंशतः’ हा शब्द फार मोलाचा आहे. सगळा व्यवहार तुमच्या गावात झालेला असण्याची गरज नाही. पण जो भाग तिथे घडला तो दाव्याचा खरा भाग असला पाहिजे.

कंपनीची आमच्या शहरात शाखा आहे. मग इथे दावा चालणारच ना?

नुसत्या शाखेवर चालत नाही. सर्वांत जास्त दावे याच समजुतीपायी अडकतात. कलम २० खालच्या स्पष्टीकरणाप्रमाणे कंपनी धंदा करते ती तिच्या एकमेव किंवा मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी. आणि दुय्यम कार्यालय असेल तर, त्या ठिकाणी घडलेल्या दाव्याच्या कारणापुरती, त्या ठिकाणी. शाखा आणि घटना दोन्ही एकाच ठिकाणी हव्यात. समजा चेन्नईच्या कंपनीची नाशिकला शाखा आहे, पण करार, माल आणि पैसे हे सगळे मडगावला झाले. मग नाशिकची शाखा कामाची नाही. दावा मडगावला लावा किंवा, तिथे शाखा नसेल तर, चेन्नईलाही लावता येईल.

याची दुसरी बाजू अनेकांना ठाऊक नसते. घटना घडली त्या ठिकाणी कंपनीची शाखा असेल, तर केवळ मुख्य कार्यालय आहे म्हणून मुख्यालयाच्या कोर्टाला अधिकार मिळत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या निकालात सांगितले. वाहतूक कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत. वेलदोड्याचा माल तामिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या शाखेत दिल्लीसाठी सोपवला. दिल्लीच्या गोदामाला आग लागून तो गेला. करारात लिहिले होते की फक्त मुंबईची कोर्टे. न्यायालय म्हणाले, माल सोपवला तिथे तुमची शाखा आहे, तेव्हा तिथले कोर्ट चालेल. मुंबईत दाव्याच्या कारणाचा कुठलाच भाग घडला नाही, आणि मुळात ज्या कोर्टाला अधिकार नाही त्याला करार करून तो देता येत नाही. वाहतूक, कुरिअर, विमा यांच्याशी वाद असेल त्याने हा निकाल जवळ ठेवावा.

दाव्याचे कारण ‘इथे घडले’ असे केव्हा म्हणता येते?

कराराच्या दाव्यात चार ठिकाणे तपासा: करार पक्का झाला ते ठिकाण, तो पुरा करायचा होता ते ठिकाण, तो मोडला ते ठिकाण आणि पैसे द्यायचे किंवा घ्यायचे ठरले होते ते ठिकाण. यातले एक जरी तुमच्या कोर्टाच्या हद्दीत असेल तरी पाय रोवता येतो.

करार कुठे पक्का झाला हे समोरासमोर सह्या झाल्या असतील तर सोपे असते. फोनवर ठरले असेल तर भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास हा १९६६चा निकाल लागतो. खामगावची जिनिंग फॅक्टरी, अहमदाबादचे व्यापारी, सरकीच्या पेंडेचा सौदा, तोही ट्रंककॉलवर. दावा अहमदाबादला लागला. खामगावच्या फॅक्टरीचे म्हणणे होते की दावा खामगावला चालायला हवा होता. बहुमताने ठरले की टेलिफोनवरच्या सौद्यात स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार होतो, म्हणून अहमदाबादचे कोर्ट बरोबर. म्हणजे देकार (ऑफर) तुम्ही दिला आणि समोरच्याचा होकार तुमच्या दुकानात बसून ऐकला, तर करार तुमच्या गावात झाला. पोस्टाचे उलटे आहे. तिथे देकार देणाऱ्याला बांधणारी स्वीकृती टपालात पडते त्या ठिकाणी करार होतो. ई-मेलसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम १३ बघावे. निराळे काही ठरलेले नसेल तर संदेश पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या जागेहून निघाला आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या जागी पोचला असे धरतात. फोन हातात घेऊन तुम्ही प्रवासात होता याला महत्त्व नाही.

आता न चालणाऱ्या गोष्टी. तुमच्या वकिलाने तुमच्या गावातून नोटीस पाठवली म्हणून तिथे दाव्याचे कारण तयार होत नाही. कंपनीची जाहिरात तुमच्या शहरात वाचली, एवढ्यानेही नाही. १९९४च्या ओएनजीसी विरुद्ध उत्पलकुमार बसू या प्रकरणात काम गुजरातेत हजिऱ्याला होते, निविदेची जाहिरात कोलकात्यात वाचली होती आणि निविदा नाकारल्याचे उत्तरही तिथेच आले होते. तरी कोलकात्याला अधिकार नाही असे ठरले. ते प्रकरण रिट याचिकेचे (सरकारी संस्थेविरुद्ध उच्च न्यायालयात केलेल्या अर्जाचे) होते, पण तत्त्व दिवाणी दाव्यातही लावले जाते. पुराव्यात जे सिद्ध केल्याशिवाय तुम्हाला निकाल मिळणार नाही तेच दाव्याचे कारण. बाकी पत्रव्यवहार सोबतीला असतो, इतकेच.

बिलावर ‘सब्जेक्ट टू दिल्ली ज्युरिस्डिक्शन’ छापले आहे. ते बंधनकारक आहे का?

दोन चाळण्या लावा. पहिली: दिल्लीच्या कोर्टाला मुळात अधिकार आहे का? कंपनीचे मुख्यालय तिथे नाही आणि व्यवहाराचा कुठलाही भाग तिथे घडला नाही, तर ती ओळ निकामी. दोन-तीन ठिकाणच्या कोर्टांना अधिकार असेल तेव्हाच त्यांतले एक करारात निवडता येते. हे तत्त्व १९७१च्या हकमसिंग विरुद्ध गॅमन (इंडिया) या निकालातले. तिथे मुंबईचे कलम टिकले, कारण कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत होते.

दुसरी चाळणी: त्या ओळीने बाकीची कोर्टे खरोखर वगळली आहेत का? १९८९च्या ए.बी.सी. लॅमिनार्ट निकालात ‘कैरा न्यायालयाच्या अधीन’ असे कलम होते, ‘फक्त’ असा शब्द नव्हता. त्यामुळे खरेदीदाराचे सेलमचे कोर्ट वगळले जात नाही असे ठरले. त्यावर विसंबून अनेक जण अजून सांगतात की ‘ओन्ली’ शब्द नसेल तर घाबरू नका. हा सल्ला आता जुना झाला. २०१३ साली स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या निकालात न्यायालयाने म्हटले की ‘फक्त’, ‘केवळ’ हे शब्द नसले तरी एका ठिकाणाचे नाव घातले म्हणजे बाकीची वगळायची होती असे समजता येते. तेव्हा सही केलेल्या करारात एका गावाचे नाव असेल आणि त्या गावाच्या कोर्टाला मुळात अधिकार असेल, तर दुसरीकडे दावा लावणे हा जुगार आहे.

तुमच्या बाजूने एक मुद्दा उरतो. ऑर्डर फोनवर किंवा मेलवर पक्की झाली आणि ती ओळ नंतर आलेल्या बिलावर प्रथमच दिसली, तर ती कराराचा भाग होती का, हा वाद घालता येतो. त्यासाठी ऑर्डरचा मूळ मेल, दरपत्रक, त्यावरचे उत्तर आणि बिल तारखांसकट ओळीने लावा. याच विक्रेत्याची तशीच बिले तुम्ही वर्षानुवर्षे मुकाट्याने भरली असतील, तर हा मुद्दा दुबळा होतो.

मी नोकरदार आहे. नेमणूकपत्रात दुसऱ्या शहराच्या कोर्टाचे नाव आहे.

याचे उत्तर २०२५ साली कर्मचाऱ्यांच्या विरुद्ध गेले. एका खासगी बँकेच्या पाटणा आणि दिल्लीतल्या कर्मचाऱ्यांनी बडतर्फीविरुद्ध आपापल्या शहरात दावे लावले. नेमणूकपत्रात मुंबईचे कोर्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध धरले, कारण नेमणुकीचा आणि काढून टाकण्याचा निर्णय मुंबईत झाला होता आणि कर्मचाऱ्याचा दाद मागायचा हक्क संपत नव्हता, फक्त जागा बदलत होती. सही करण्याआधी हे कलम वाचा आणि बदलून मागा. नंतर हाती काही राहत नाही. औद्योगिक वादांच्या कायद्याखाली ‘कामगार’ ठरणाऱ्यांचा मार्ग निराळा आहे. त्यांचा वाद साधारणपणे ते जिथे कामाला होते तिथल्या कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायाधिकरणात जातो.

करारात लवादाचे कलम आहे. मग कोर्टाच्या हद्दीचा विचार करायचा का?

करायचा, पण निराळ्या रीतीने. लवादात, म्हणजे कोर्टाऐवजी पंचापुढे वाद सोडवताना, महत्त्व ‘आसन’ (सीट) म्हणून ठरवलेल्या जागेला. ज्या शहराला आसन म्हटले तिथलीच कोर्टे लवाद नेमणे, अंतरिम मनाई, निवाडा रद्द करणे यांवर बसतात. २०१७च्या इंडस मोबाइल विरुद्ध डेटाविंड प्रकरणात कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अमृतसरला, माल दिल्लीहून चेन्नईला जायचा आणि करारात आसन मुंबई. मुंबईत व्यवहारातले काहीही घडले नव्हते, तरी मुंबईच्याच कोर्टांना अधिकार मिळाला. वर कोर्टाच्या कलमाबद्दल सांगितलेली पहिली चाळणी इथे लागत नाही, हा फरक नीट ध्यानात घ्या.

लवाद कलम असूनही तुम्ही दावा लावलात आणि कंपनीला तो नको असेल, तर तिने लवाद कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) देण्याच्या आत द्यायला हवा. कैफियत देऊन बसली की ती संधी गेली.

मी ग्राहक आहे. मला यातले किती लागू?

फारच थोडे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे (अंमल २० जुलै २०२०पासून) तुम्ही जिथे राहता किंवा पोटापाण्यासाठी काम करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, शाखा असो वा नसो. १९८६च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. अंबाल्याला आग लागली आणि विम्याची तक्रार चंदीगडच्या शाखेवरून केली म्हणून ती २००९ साली सोनिक सर्जिकल प्रकरणात बाहेर फेकली गेली. इंटरनेटवर अजून तो निकाल दाखवून लोकांना घाबरवले जाते. आज तुम्ही राहता तिथली वाट खुली आहे.

आयोग कुठला, हे तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून वर राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. तक्रारीला आधार कार्ड, वीजबिल किंवा भाडेकरार असा राहत्या जागेचा पुरावा पहिल्याच पानांत जोडा. तुमचा अधिकार त्या कागदावर उभा आहे आणि नेमका तोच कागद पुष्कळदा राहून जातो. लवादाचे कलम ग्राहकाला आयोगाकडे जाण्यापासून अडवू शकत नाही. मात्र माल पुढे विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी घेतला असेल तर तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटासाठी स्वतः चालवायच्या यंत्राला यातून सूट आहे.

कंपनीने दिलेला चेक वटला नाही. कुठे तक्रार?

चेक तुम्ही खात्यात भरला असेल तर तुमचे खाते ज्या शाखेत आहे त्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्याकडे. २०१४ साली दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने ही जागा चेक काढणाऱ्याच्या बँकेकडे नेली होती. २०१५च्या दुरुस्तीने (परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १४२(२)) ती परत तुमच्याकडे आणली. प्रवासात असताना दुसऱ्या गावच्या शाखेत चेक टाकला तरी खाते असलेली शाखाच धरतात. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. आरोपींत कंपनीचे नाव हवेच. फक्त संचालकांवर तक्रार केली तर ती टिकत नाही, हे अनिता हाडा निकालाने २०१२ साली पक्के केले.

माझा लघुउद्योग आहे. परराज्यातली मोठी कंपनी पैसे थकवते.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ चे कलम १८ वापरा. कलम १८(४) सांगते की पुरवठादार जिथे आहे तिथल्या सुविधा परिषदेला (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेला) अधिकार, खरेदीदार भारतात कुठेही असो. करारात दिल्लीचे कोर्ट किंवा बंगळुरूचा लवाद लिहिला असला तरी ही परिषद त्यावर मात करते, असे २०२२च्या महाकाली फूड्स निकालात ठरले. पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कंपनीला कोर्टात जायचे तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात.

परराज्यातल्या थकबाकीदाराविरुद्ध छोट्या कारखानदाराच्या हातात याहून धारदार हत्यार नाही, आणि ते फार थोडे लोक उचलतात. नोंदणी मात्र ऑर्डर घेण्याआधीची असावी. माल देऊन झाल्यावर केलेल्या नोंदणीवर कंपनीचा वकील पहिला हल्ला करतो.

फ्लॅट, जमीन, रस्ता अपघात?

स्थावर मालमत्तेचा ताबा किंवा मालकी मागायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे मालमत्ता आहे तिथेच. हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ (२००५) प्रकरणात भूखंड गुरुग्रामला होता आणि करारात दिल्लीचे कोर्ट. दावा दिल्लीत आठ वर्षे चालल्यावर कंपनीने हरकत घेतली, तरी ती मान्य झाली. मालमत्तेच्या बाबतीत दिरंगाईचा मुद्दाही उपयोगी पडला नाही. महाराष्ट्रातल्या प्रकल्पाविरुद्ध महारेराकडे जाता येते, बिल्डर कुठल्याही राज्यात नोंदलेला असो. अपघाताचा नुकसानभरपाई अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा प्रतिवादी असतो तिथे, यांतला हवा तो न्यायाधिकरण निवडून करता येतो.

ट्रेडमार्क चोरला गेला. कंपनी दुसऱ्या राज्यातली, पण वेबसाइट सगळीकडे दिसते.

ट्रेडमार्क कायद्याचे कलम १३४ आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ६२ वादीला स्वतःच्या गावात दावा लावू देतात. पेटंटला ही सवलत नाही. सवलतीलाही लगाम आहे. २०१५च्या संजय दालिया निकालात चित्रपटगृहे महाराष्ट्रातली, वादी संस्थेचे मुख्यालय मुंबईत, तरी दावा लावला दिल्लीत, का तर तिथे शाखा आहे. न्यायालयाने सांगितले की जिथे तुमचे मुख्यालय आहे आणि घटनाही तिथेच घडली आहे, तिथून दूरच्या शाखेत प्रतिवादीला ओढू नका.

वेबसाइट तुमच्या शहरात नुसती उघडते, एवढे पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली बन्यन ट्री प्रकरणात म्हटले. त्या शहरातल्या ग्राहकाला डोळ्यांपुढे ठेवून कंपनीने काही विक्री केली पाहिजे. म्हणून दावा लावण्याआधी आपल्या पत्त्यावर खरी ऑर्डर देऊन बिल, पार्सलचे लेबल आणि पैसे गेल्याची नोंद जमवतात. ऑर्डर दावा लावणाऱ्यानेच दिली आहे असे म्हणून प्रतिवादी ती सापळा ठरवू पाहतो, तेव्हा इतर ग्राहकांच्या खरेदीचा पुरावाही जोडावा.

मुंबईत दावा लावायचा असेल तर काही वेगळे आहे का?

मुंबई शहर दिवाणी न्यायालयाला कलम २० लागते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेला (जिथे दावे थेट दाखल होतात) ते लागत नाही. तिथे लेटर्स पेटंटचे (उच्च न्यायालयाच्या ब्रिटिशकालीन सनदेचे) कलम १२ चालते. दाव्याच्या कारणाचा एखादाच भाग मुंबईत घडला असेल तर दावा दाखल होण्याआधी न्यायालयाची परवानगी, म्हणजे वकिलांच्या भाषेत ‘लीव्ह’, घ्यावी लागते. ती राहिली तर दावा पायापासूनच कच्चा. ३ लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीची मनाई मागायची नसेल तर, दाव्याआधी विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज करणे सक्तीचे आहे. तो टप्पा गाळला म्हणून दावे फेटाळले जातात.

कंपनीचा खरा पत्ता आणि शाखा कशा शोधायच्या?

कंपनीच्या बिलावर किंवा लेटरहेडवर २१ अक्षरांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) असतो. त्यातले सातवे आणि आठवे अक्षर राज्याचे: एमएच महाराष्ट्र, जीए गोवा, केए कर्नाटक, एचआर हरियाणा, डीएल दिल्ली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीकृत कार्यालयाचा आजचा पत्ता मिळतो. बिलावरचा पत्ता जुना असू शकतो, म्हणून छापील कागदावर विसंबू नका.

शाखेसाठी जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २९ कर्नाटक, ०६ हरियाणा, ०७ दिल्ली. बिलावर २७ने सुरू होणारा क्रमांक असेल तर कंपनीने महाराष्ट्रात धंद्याची जागा स्वतः नोंदवली आहे. जीएसटी पोर्टलवर तो शोधून त्या पानाची तारखेसह छपाई घ्या. ‘आमचे महाराष्ट्रात कार्यालयच नाही’ या कैफियतीला याहून चोख उत्तर क्वचितच सापडते.

वादपत्रात हद्दीबद्दल काय लिहायचे?

‘दाव्याचे कारण या कोर्टाच्या हद्दीत घडले’ ही ठरावीक ओळ पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १ प्रमाणे अधिकार कशामुळे आला ती वस्तुस्थिती मांडायची असते. असे लिहा: ‘वादीच्या देकाराला प्रतिवादीने दि. … रोजी ई-मेलने दिलेली स्वीकृती वादीच्या मिरज येथील कार्यालयात पोचली; माल मिरज येथे दि. … रोजी चलन क्र. … ने उतरला. तपासणीत दोष मिरज येथे आढळला. करारातील परिच्छेद … प्रमाणे रक्कम वादीच्या मिरज शाखेतील खात्यात द्यायची होती.’ प्रत्येक वाक्यासमोर कागदाचा निशाणी क्रमांक. करारात दुसऱ्या गावाचे कलम असेल तर ते लपवू नका. ते का लागू नाही हे त्याच परिच्छेदात सांगा.

समन्स परराज्यात कसे बजावायचे?

आदेश २९ नियम २ प्रमाणे सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकाऱ्यावर, नाहीतर नोंदणीकृत कार्यालयात ठेवून किंवा टपालाने. शाखेच्या व्यवस्थापकाच्या हाती देऊन थांबू नका, नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टही लावा आणि पोच झाल्याचा कागद फायलीत घाला. वादपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे, नाहीतर कंपनी त्याच कारणावर मुदत मागते.

चुकीच्या कोर्टात दावा लागला तर सगळे बुडाले का?

बुडत नाही, पण फटका बसतो. आदेश ७ नियम १० खाली वादपत्र योग्य कोर्टात देण्यासाठी परत मिळते. नियम १०अ प्रमाणे कुठल्या कोर्टात देणार ते सांगून हजर राहण्याची तारीख ठरवून मागा, म्हणजे प्रतिवादीला नव्याने समन्स काढावे लागत नाही. नव्या कोर्टात दावा पहिल्यापासून सुरू होतो, आधीचा पुरावा आपोआप पुढे जात नाही (ईएक्सएल करिअर्स, २०२०). चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वजा होतो, पण तुम्ही सद्हेतूने आणि काळजीपूर्वक तिथे गेला होता हे दाखवावे लागते. करारात स्पष्ट कलम असताना डोळेझाक केली असेल तर ते जड जाते. दुसऱ्या राज्यात त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे कोर्ट फीचाही हिशेब नव्याने होतो.

कंपनी हद्दीची हरकत केव्हाही घेऊ शकते का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ प्रमाणे हरकत पहिल्याच कोर्टात, शक्य तितक्या लवकर आणि कोर्टाने वादाचे मुद्दे काढण्याआधी घ्यायला हवी. अपिलात ती काढायची तर त्यामुळे अन्याय झाला हेही दाखवावे लागते. हरलेल्या कंपनीने अपिलात प्रथमच ‘हे कोर्टच नव्हे’ म्हटले, तर कलम २१ पुढे करा. स्थावर मालमत्तेचा अपवाद वर सांगितलाच आहे.

परदेशी कंपनी असेल तर?

भारतात कार्यालय असेल तर वरचेच नियम. अशा कंपनीने समन्स स्वीकारणाऱ्या भारतातल्या व्यक्तीचे नाव आणि पत्ता कंपनी कायद्याच्या कलम ३८० खाली निबंधकाकडे दिलेला असतो. तो तिथून काढा. भारतात काहीच नसेल पण दाव्याचे कारण इथे घडले असेल तरी दावा चालतो. समन्स बहुधा हेग कराराच्या (परदेशात न्यायालयीन कागद बजावण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) मार्गाने जाते आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. खरी अडचण वसुलीची. त्या देशात आपल्या हुकूमनाम्याला (कोर्टाच्या अंतिम आदेशाला) किंमत आहे का, हे दावा लावण्याआधी तपासा.

दावा जिंकला. कंपनीची मालमत्ता तर दुसऱ्या राज्यात!

तुमचे कोर्ट हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर जप्ती आणू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ खाली हुकूमनामा त्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची नक्कल, रक्कम वसूल झाली नसल्याचा दाखला आणि अंमलबजावणीचा आदेश झाला असेल तर त्याची नक्कल जाते. लवादाच्या निवाड्याला हा फेरा नाही. २०१८च्या सुंदरम फायनान्स निकालामुळे मालमत्ता असेल तिथे थेट दरखास्त (वसुलीचा अर्ज) देता येते.

वर्ग करण्याआधी मात्र आपल्याच हद्दीत शोधा. कंपनीचे एखादे बँक खाते इथल्या शाखेत असते. तिचा वितरक किंवा इथला एखादा मोठा खरेदीदार तिचे पैसे देणे लागत असतो. आदेश २१ नियम ४६अ खाली त्या देणेकऱ्याला नोटीस काढून पैसे थेट कोर्टात भरायला लावता येतात. म्हणून दावा चालू असतानाच कंपनीचे धनादेश, बँकेचे तपशील आणि इथल्या ग्राहकांची नावे टिपून ठेवा. दरखास्तीला १२ वर्षांची मुदत आहे, पण खाते रिकामे व्हायला एक दिवस पुरतो.